“मी गेले तर या मुलांचं काय?”

समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या तिने खुर्चीत नीट टेकायच्या आधीच हा प्रश्न विचारला. वय ३३, विशेष मुलांच्या शाळेत नऊ वर्षं शिक्षिका. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) तिला नर्सिंगला जायचं होतं. “पण मॅडम, ही मुलं मला सोडून कुणाचं ऐकत नाहीत. मी स्वार्थी आहे का?”

शिक्षिका, आशाताई, अंगणवाडी सेविका अशा कितीतरी जणी हाच प्रश्न घेऊन येतात. आपल्यावर कुणीतरी विसंबून आहे, ते काम सोडायचं म्हटलं की मन खातं. तिचं तर आणखी अवघड होतं. शाळा विनाअनुदानित, मानधन दोन-दोन महिने उशिरा, आणि नात्यातलं जो भेटेल तो म्हणणार, “किती पुण्याचं काम करतेस गं!” या वाक्यावर माझा राग आहे. एकदा पुण्य म्हटलं की पगार, रजा, थकवा यांबद्दल बोलायची सोयच राहत नाही. नऊ वर्षांत ‘मी दमले’ हे ती पहिल्यांदा माझ्यासमोर बोलली.

तिला या कामातून सुटायचं होतं, की नर्सिंगच करायचं होतं? दोन्हींत फरक आहे, आणि तो तिचा तिलाही सांगता येईना. म्हणून मी विचारलं, गेल्या वर्षभरात घरी जाताना हलकं वाटलं असा एखादा दिवस आठवतो का?

तिने फिटचा दिवस सांगितला. वर्गात अकरा वर्षांच्या मुलाला फिट आली. कुणी कांदा आणायला धावलं, कुणी चप्पल काढून नाकाशी धरली. तिने सगळ्यांना मागे केलं, मुलाला कुशीवर वळवलं, डोक्याखाली ओढणीची घडी सरकवली, तोंडात चमचा घालू दिला नाही आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसली. पाच मिनिटांत थांबली नाही तर रिक्षा आणि दवाखाना, हे तिचं आधीच ठरलं होतं. तीन मिनिटांनी तो सैल पडला. ओठांचा रंग कधी परतला, कुठला हात आधी थांबला, हे सांगताना ती खुर्चीत ताठ बसली होती.

पण तेवढ्यावर मी हो म्हटलं नाही. फिट तीन मिनिटांची असते, ड्यूटी आठ तासांची. तिची मावसबहीण स्टाफ नर्स आहे. तिला जाऊन भेटा म्हटलं, आणि कौतुकाचं सोडून बाकी सगळं विचारा: बेडपॅन, इनटेक-आउटपुटचा (पेशंट किती प्यायला, लघवी किती झाली याचा) चार्ट, एका वेळी किती पेशंट, नाइट करून आल्यावर मुलाचा डबा कोण भरतं. तीन आठवड्यांनी ती वहीची दोन पानं भरून आली. “बेडपॅनचं काही वाटलं नाही, नऊ वर्षं मुलांचे डायपर बदललेत. नातेवाईक ओरडतात त्याची मात्र भीती वाटली.” हे उत्तर ऐकून मला तिच्या निर्णयाचा पहिल्यांदा भरवसा वाटला. स्वप्नात रमलेल्या माणसाला नातेवाइकांची भीती वाटत नाही.

मुलांच्या संथ प्रगतीचा कंटाळा आलाय का, असंही विचारलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एका मुलाला शर्टाचं बटण लावायला शिकवायला आठ महिने गेले होते. “बटणाचा कंटाळा नाही हो. मे महिन्याच्या सुट्टीत तो ते विसरून आला. परत पहिल्या बटणापासून सुरू करायला अंगात काही उरलेलं नाही.” बरे होऊन गेलेले काही पेशंट वॉर्डातही महिन्याभरात परत येतात, हे मी तिला सांगितलं. ते ऐकून ती बराच वेळ गप्प होती.

व्यवहाराची बाजू आम्ही कागदावर मांडली. बारावी कला शाखेतून, म्हणजे चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगचा रस्ता बंद; त्याला भौतिक, रसायन, जीवशास्त्र लागतं. तीन वर्षांचं जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी ही पदविका) कला शाखेच्या विद्यार्थ्यांना करता येतं. बारावीत इंग्रजी हवं आणि किमान ४० टक्के गुण. वयाची अट, होस्टेलची सक्ती आणि कॉलेजला परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, हे प्रवेशाआधी स्वतः जाऊन बघायला सांगितलं. विशेष शिक्षकांना लागणारी पुनर्वास परिषदेची नोंदणीही जिवंत ठेवायला सांगितली. नऊ वर्षांची कमाई आहे ती. एका बैठकीला नवरा आला. त्याने सरळ विचारलं, “तीन वर्षांनी याचाही कंटाळा आला तर?” त्याला गप्प करावंसं मला वाटलं नाही. चौथीतल्या मुलाची फी, घराचा हप्ता आणि तिचा बंद होणारा पगार, असा महिन्याचा हिशोब दोघांनी तिथेच मांडला.

राहिला तिचा पहिला प्रश्न. जायचं की नाही हा निर्णय तिचा, पण कसं जायचं हे मुलांच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला अचानक बदललेला चेहरा फार जड जातो. म्हणून तिने वर्षाच्या मध्येच राजीनामा टाकला नाही, एप्रिलपर्यंत थांबली. नव्या बाईंचा फोटो महिनाभर आधी भिंतीवर लागला. शेवटचे पंधरा दिवस दोघी एकत्र वर्गात होत्या. कुठल्या मुलाला कुठला आवाज सहन होत नाही, कुणाला पाणी निळ्याच ग्लासातून लागतं, फिट आली तर काय करायचं, हे सगळं तिने एका वहीत उतरवून दिलं. आणि एक कॅलेंडर टांगलं. रोज सकाळी मुलं एकेक चौकोन खोडायची.

शेवटचा चौकोन त्या बटणवाल्या मुलाने खोडला. पेन टोपण लावून जागेवर ठेवलं आणि नव्या बाईंच्या शेजारी डबा उघडून बसला. हे सांगताना ती हसत होती. बसमध्ये घरापर्यंत रडत गेले, असंही म्हणाली.

सध्या ती जीएनएमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नाइटला पाय सुजतात, आणि शरीरशास्त्राचं इंग्रजी रात्री मुलगा झोपल्यावर वाचावं लागतं. मागच्या महिन्यात फोन आला तेव्हा शाळेतल्या मुलांची चौकशी तिने केली, पण परत जाऊ का, असं विचारलं नाही.