एका ग्लासात चौघींचे चमचे

प्रश्न : ताई, माझी मुलगी जपानात कोफूला शिकते. वसतिगृहातल्या तीन मैत्रिणी एकीच्या वाढदिवसाला तिला पाफे खायला घेऊन जाणार आहेत. पाफे म्हणजे उंच ग्लासातलं आइस्क्रीम, क्रीम, फळं असं काहीतरी. हा ग्लास म्हणे हातभर उंच असतो आणि सगळ्या त्यातूनच खातात. आमच्याकडे उष्टं चालत नाही, अंडंही नाही. तिने काहीतरी कारण सांगून टाळावं का?
– एक आई, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : मुलीला जाऊ द्या, आणि कारण तर अजिबात सांगायला लावू नका. नवऱ्याच्या नोकरीमुळे मी काही वर्षं जपानातल्या नागोयात काढली आहेत. आपल्याकडे एकदा नको म्हटलं तरी ‘अगं घे गं’ करत वाढतात. तिथे नाही म्हणणाऱ्याला अवघडायला नको म्हणून पुन्हा विचारत नाहीत. आज टाळलं तर पुढचं बोलावणं कदाचित येणारच नाही, आणि परक्या गावात रोज एकटीने जेवणं फार जड जातं.

उष्ट्याचं तुमचं म्हणणं मला पटतं, मीही पंचवटीतल्या सोवळ्याच्या घरात वाढले. पण जपान्यांनाही सामाईक ताटात आपल्या तोंडच्या जेवायच्या काड्या (चॉपस्टिक्स) घालणं बरं दिसत नाही. वाढून घ्यायच्या काड्या वेगळ्या असतात आणि छोट्या ताटल्या मागितल्या की लगेच मिळतात. ‘तोरिझारा ओ कुदासाई’ एवढं म्हटलं की झालं. फक्त पहिला चमचा पडायच्या आत तिने आपला वाटा काढून घ्यावा. वर क्रीम आणि फळं, मध्ये आइस्क्रीम, तळाशी बहुतेक वेळा कॉर्नफ्लेक्स किंवा जेली. दोघीतिघींनी वरून उकरलं की सगळं कलंडतं आणि मग नीट काढता येत नाही.

मला खरी काळजी त्या जेलीची वाटते. ती बऱ्याचदा जिलेटिनची असते, म्हणजे जनावराच्या हाडाकातड्यापासून केलेली. ग्लास वरून निव्वळ दुधाफळांचा दिसतो आणि जेली लागते ती अगदी शेवटी. म्हणून आधीच विचारावं, ‘झेराचिन वा हाइत्ते इमास का?’ अंडं तर पुडिंगमध्ये असतंच, केकमध्ये आणि पुष्कळदा आइस्क्रीममध्येही असतं. मोठ्या साखळी दुकानांत अ‍ॅलर्जीचा तक्ता मिळतो, त्यात अंडं आणि दूध दाखवलेलं असतं. काही पाफेंत मद्यही घालतात, तेही विचारावं.

हे सगळं दुकानात बसल्यावर काढलं तर वाढदिवसाच्या मुलीचा विरस होईल. आजच मैत्रिणींना सांगावं की मी अंडं, जिलेटिन आणि मद्य घेत नाही, बाकी सगळं चालतं. दुकान त्याच शोधतील, मला खात्री आहे. काही जमलंच नाही तर मोठा काकिगोरी सुचवावा. किसलेला बर्फ, वर माचाचा, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीचा पाक आणि गोड शिजवलेले अझुकी, म्हणजे चवळीसारखे लाल दाणे. सोबत कधी तांदळाच्या पिठाचे गोळे येतात, तेही चालतात. चौघींना पुरेल असा डोंगर येतो, फक्त भरभर खावा लागतो. आन्मित्सु, म्हणजे जेलीचे तुकडे, फळं आणि गोड अझुकी घातलेला वाडगा, मिळालं तर आणखी उत्तम. त्यातले पारदर्शक तुकडे कांतेनचे, म्हणजे समुद्री शेवाळाचे असतात. त्यावर आइस्क्रीम मात्र नको म्हणावं.

पैसे बहुधा सारखे वाटले जातील. तिने कमी खाल्लं तरी तिथे हिशेब करत बसू नये. काही ठिकाणी माणशी एक तरी पदार्थ मागवावाच लागतो, तेव्हा तिने चहा घ्यावा. टीप ठेवायची पद्धत नाही. शेवटचा घास कोणीच उचलत नाही, सगळ्या एकमेकींसाठी ठेवतात. तो वाढदिवसाच्या मुलीला द्यावा.

एक गोष्ट तुमच्या मुलीच्या फायद्याची आहे. कोफू ज्या यामानाशी प्रांतात आहे, तो जपानात द्राक्षांसाठी पहिला. ऑगस्टच्या अखेरीपासून तिथल्या पाफेवर शाईन मस्कत रचलेली असतात. ही हिरवी, बहुधा बिनबियांची करून पिकवलेली द्राक्षाची जात 2006 साली नोंदवली गेली आणि सालासकट खातात. काळी क्योहो द्राक्षं मात्र तिथे बहुतेक जण सोलून खातात. आपला हंगाम जानेवारी ते एप्रिल, त्यांचा उन्हाळ्याच्या अखेरीस. दिंडोरी, पिंपळगावच्या बागा पाहिलेल्या मुलीला त्या टेबलावर बोलायला भरपूर आहे. तिला फोटो पाठवून ठेवा.