संदकफूच्या शर्यतीला पहिल्यांदा जाताना

अरे, पाच दिवसांत १०० मैल धावायचे, हा आकडा बघून घाबरू नकोस. खरी परीक्षा पहिल्याच दिवशी आहे. दार्जिलिंगजवळच्या मानेभंज्यांग गावापासून संदकफू शिखरापर्यंत, सुमारे ३८ किलोमीटर, बहुतेक चढच, आणि वर ३,६३६ मीटर उंची. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. ही शर्यत त्याहून उंचावरून सुरूच होते. त्यामुळे सिंहगडाच्या फेऱ्यांनी पाय तयार होतील, श्वास नाही. दार्जिलिंगला तीन-चार दिवस आधी पोहोच.

चढावर चालायला लाजू नकोस. मी पहिल्या वर्षी धावत सुटलो आणि संध्याकाळी डोकं ठणकत होतं, समोरचा डाळभात गिळवेना. वर पोहोचताच घामाचा टीशर्ट आधी बदल, फोटो नंतर. ऊन गेलं की दहा मिनिटांत हुडहुडी भरते.

उताराचा सराव मात्र भरपूर कर. तिसऱ्या दिवशी मॅरेथॉनचं अंतर असतं आणि शेवटी रिम्बिक गावापर्यंतचा उतार मांड्या पिळून काढतो. बूट अर्धा नंबर मोठे घे, नखं बारीक काप.

डोकेदुखीबरोबर उलट्या झाल्या किंवा तोल जायला लागला, तर लगेच डॉक्टरांना सांग आणि खाली उतर. शर्यत पुढच्या वर्षीही असते.

आणि पहाटे उठच. कांचनजंगा आधी गुलाबी होतो.