वाचक विचारतात : लंडनच्या जुन्या सराया

प्रश्न : मुलीकडे लंडनला जाणार आहोत. सदर्क भागात घोडागाड्यांच्या काळातल्या सराया ओळीने होत्या असं वाचलं. आज त्यातलं काय बघता येतं? शिवाय पबच्या पाटीवरचं साल खरं मानायचं का?

उत्तर : उभी सराई एकच उरली आहे, ‘द जॉर्ज’. बाकीच्यांच्या जागा मात्र बोळांच्या नावांवरून सापडतात.

लंडन ब्रिज स्टेशनवरून बरो हाय स्ट्रीटला या आणि नदीकडे पाठ करून चालू लागा. डाव्या हाताला किंग्ज हेड यार्ड, व्हाइट हार्ट यार्ड, जॉर्ज इन यार्ड, टॅलबट यार्ड असे बोळ लागतात. प्रत्येक बोळ एका सराईच्या चौकात जायचा. इथेच एवढी दाटी का? वेस्टमिन्स्टरचा पूल १७५० मध्ये झाला. तोवर शहरात शिरायला दक्षिणेकडून लंडन ब्रिज हाच पूल होता आणि त्याची दारं रात्री बंद होत. उशिरा पोचलेल्याला नदीच्या अलीकडे, म्हणजे सदर्कमध्येच मुक्काम करावा लागे. चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर याच्या ‘कँटरबरी टेल्स’मधले यात्रेकरू जिथून निघतात ती टॅबर्ड सराई म्हणजे आजचं टॅलबट यार्ड. तिथे आता फक्त फलक आहे.

जॉर्जच्या चौकात गेल्यावर आधी मान वर करा. आपल्या वाड्यासारखे लाकडी सज्जे दिसतील. खोल्यांची दारं त्यांवरच उघडत. सज्जा हीच ये-जा करायची वाट. १६७६ च्या आगीत जुनी इमारत जळाली, ही १६७७ ची. पूर्वी सराई चौकाच्या तीन बाजूंनी होती. रेल्वे आल्यावर घोडागाड्या बंद पडल्या, जागा रेल्वे कंपनीकडे गेली आणि १८८९ मध्ये दोन बाजू पाडल्या. फार मोठं नुकसान झालं ते. उरलेली बाजू १९३७ पासून नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे.

आतलं मोठं भिंतीवरचं घड्याळही बघा. अशा घड्याळांना ‘पार्लमेंट क्लॉक’ म्हणतात. १७९७ मध्ये पार्लमेंटने घड्याळांवर कर बसवला, लोकांनी घरची घड्याळं काढली, म्हणून सरायांनी ही लावली, असं सांगतात. पण ही धाटणी त्याच्या कितीतरी आधीची आहे, आणि करही वर्षभरात रद्द झाला.

पाटीवरच्या सालाचं म्हणाल तर ते बहुधा त्या जागेवरच्या पहिल्या गुत्त्याचं किंवा नावाचं असतं. इमारत तीन-तीनदा नवी झालेली असू शकते. त्यापेक्षा इमारतच वाचा. गाडी आत शिरेल एवढी उंच कमान, मागे चौक आणि तबेल्याची जागा असेल तर सराईची शक्यता मोठी. कोपऱ्यावरचा, चौक नसलेला छोटा पब बहुतेक वेळा फक्त पिण्याचा अड्डा. असे अड्डे १८३० नंतर खूप वाढले, कारण त्या वर्षीच्या कायद्याने कर भरणाऱ्या कुणालाही दोन गिनी (दोन पौंडांहून थोडे जास्त) भरून बिअर विकायचा परवाना मिळू लागला.