फूरानची पानं का गळतात?

प्रश्न: ताई, दीड वर्षापूर्वी फूरान हे जपानी ऑर्किड आणलं. बंद काचपेटीत ठेवलंय. आर्द्रता 85 टक्के, तापमान बारा महिने 26 अंश. रोज दोनदा फवारते, तरी खालची पानं पिवळी पडून गळतात, फूल तर एकदाही नाही. आर्द्रता आणखी वाढवू का?

उत्तर: वाढवू नकाच, आधी पेटीचं झाकण काढा! माझं पहिलं फूरान मी अशाच लाडाने मारलं, म्हणून इतक्या घाईने सांगतेय.

फूरान जपानमध्ये झाडांच्या खोडांवर वाढतं. त्याची मुळं उघड्यावर असतात. पावसात भिजतात आणि वाऱ्यावर वाळतात. तुमच्या पेटीत भिजणं आहे, वाळणं नाही. 50 ते 70 टक्के आर्द्रता भरपूर झाली, पण हवा खेळती हवी. छोटा पंखा दूर ठेवा, पान जेमतेम हलेल इतपत.

गळलेलं पान नीट बघा. पान खोडाला जिथे चिकटतं तिथे एक बारीक रेघ असते, जपानी शौकीन तिला ‘त्सुके’ म्हणतात. वर्षाकाठी तळाची एक-दोन पानं त्या रेघेवर स्वच्छ सुटली, तर ते म्हातारपण, सोडून द्या. बुडाशी काळं आणि मऊ लागलं तर ती कूज. मग रोप बाहेर काढा, ज्योतीवर तापवून गार केलेल्या कात्रीने पोकळ झालेली मुळं छाटा आणि रोप नव्या स्फॅग्नम मॉसवर, म्हणजे वाळवलेल्या शेवाळावर, बसवा. मॉसचा उंचवटा करायचा, मधे पोकळ ठेवायचा आणि मुळं त्यावरून पसरायची. त्या पोकळीतूनच मुळांना हवा मिळते.

पाणी कधी घालायचं हे मूळच सांगतं. कोरडं मूळ पांढरंफटक दिसतं, भिजलं की हिरवट होतं. मॉस वाळल्यावर सकाळी एकदा भरपूर द्या. दिवसातून दोनदा फवारणं बंद. पानांच्या बेचक्यात पाणी साचून राहतं.

फूल न येण्याचं कारण मला तरी त्या 26 अंशांत दिसतं. या झाडाला हिवाळा लागतो. दोन-तीन महिने घरातल्या सगळ्यात गार, उजेडाच्या खिडकीत ठेवा. रात्री 8 ते 12 अंश मिळाले तर उत्तम. तेव्हा पाणी अगदी कमी. पानं किंचित सुरकुततील, घाबरून पाणी ओतू नका. मुळांची टोकं पुन्हा हिरवी किंवा लालसर दिसू लागली, की पाणी वाढवा.

उन्हाळ्यात फुलं आली तर सकाळी हुंगून नाराज होऊ नका. फुलाच्या लांब, वाकड्या शेपटीतला मध रात्री फिरणाऱ्या पतंगांसाठी असतो, त्यामुळे खरा वास अंधार पडल्यावर सुटतो.

आणि रिकाम्या पेटीत नेचे लावा, त्यांना ती आवडेल.