रेडिओवर निवेदन करणाऱ्यांना प्रश्न: तुमची स्वतःची आवडती ऑस्ट्रेलियन गाणी कोणती?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की फेब्रुवारीत शिकायला मेलबर्नला येताय आणि विमानात ऐकायला दहा गाणी हवीत. दहा मिळणार नाहीत. मी इथल्या एका कम्युनिटी रेडिओवर रविवारी सकाळी मराठी कार्यक्रम करते. पगार शून्य, पार्किंगचे पैसे पदरचे. आणि नेमक्या याच विषयावरून आमच्या गटात एवढी खडाजंगी झालीय की हा प्रश्न बघून पुढे जाणं मला जमलं नाही.

आधी ‘डाउन अंडर’ निकालात काढू, कारण बाकीची उत्तरं तिथूनच सुरू होणार. मेन ॲट वर्क या बँडचं, १९८१. त्यात मुंबईच्या एका अड्ड्यात जबडा लोंबवून पडलेला माणूस येतो. दादरची असूनही मला त्याचं काही वाटत नाही. मला छळते ती बासरी. ती वाजवणारा ग्रेग हॅम. मॅरियन सिंक्लेअर नावाच्या मेलबर्नच्या शिक्षिकेने १९३२ मध्ये कुकाबुरा पक्ष्यावर एक छोटं गाणं रचलं होतं, इथल्या पोरापोरांना पाठ असलेलं. त्याच्या दोन ओळींची चाल हॅमच्या बासरीत आहे. पंचवीस वर्षं कुणाला पत्ता नाही. २००७ मध्ये टीव्हीवरच्या एका संगीताच्या क्विझमध्ये तसा प्रश्न आला, कुकाबुराचे हक्क विकत घेतलेली कंपनी जागी झाली आणि २०१० मध्ये कोर्टाने २००२ पासूनच्या रॉयल्टीतले पाच टक्के द्यायला लावले. लोक आता आपल्याला उचलेगिरीसाठी लक्षात ठेवतील, हे हॅमला फार लागलं होतं, तसं तो बोललाही. २०१२ मध्ये तो गेला. तेव्हापासून बासरीचा तो तुकडा सुरू झाला की माझा हात आपोआप फेडरकडे, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या पट्टीकडे जातो, खाली ओढायला. तुम्ही खुशाल ऐका.

माझं पहिल्या नंबरचं गाणं इथला गायक-गीतकार पॉल केलीचं ‘हाऊ टू मेक ग्रेव्ही’, १९९६ चं. जो नावाचा एक कैदी २१ डिसेंबरला तुरुंगातून भावाला, डॅनला पत्र लिहितोय, एवढंच ते गाणं आहे. नाताळला सगळे घरी जमणार, कुणी क्वीन्सलंडहून गाडी मारत, कुणी विमानाने. उकाडा मरणाचा असणार. ग्रेव्ही करायचा मान दरवर्षी याचा, मग यंदा ती कोण करणार? म्हणून तो कृती सांगतो: मैदा, मीठ, थोडी रेड वाइन आणि आंबटगोड चवीसाठी टोमॅटो सॉस. इथपर्यंत बरा असतो. पुढे मन घसरत जातं. माझ्या रीटाबरोबर तू नाचशील, मला माहितीय, पण फार जवळ धरू नकोस, पाठीत सुरा खुपसू नकोस रे, असं बोलून जातो आणि लगेच सारवासारव करतो की तसं म्हणायचं नव्हतं. सबंध गाण्याला धृपद नाही. पत्राला कुठलं धृपद असायला?

नाताळच्या आधीच्या रविवारी मी हे लावलं. आधी दोन मिनिटं मराठीत सगळी गोष्ट सांगितली, मग गाणं सोडलं. शेजारच्या खुर्चीत आमचे ज्येष्ठ सहनिवेदक होते, त्यांना इथे नुसतं काका म्हणते. पहिली ओळ संपायच्या आत काकांनी एका कानावरचा हेडफोन सरकवला आणि पेनाच्या टोकाने भिंतीवरच्या घड्याळाकडे खूण केली. त्यांच्या क्यूशीटवर, म्हणजे गाण्यांच्या क्रमाच्या कागदावर, त्या जागी एक भावगीत होतं. स्टुडिओतला फोन वाजत नाही, त्याचा दिवा लुकलुकतो. तो लुकलुकायला लागला तशी काकांची मान डोलायला लागली: बघ, आल्या तक्रारी.

पहिला फोन एका आजींचा. मुलाकडे साताऱ्याहून आलेल्या. “ताई, तो जो सुटायचा कधी?”

मी म्हटलं, “वागणूक चांगली राहिली तर जुलैत, असं म्हणतोय तो.”

“मग बरं. पोरं लहान आहेत ना त्याची.” आणि फोन ठेवला.

दुसरा एका तरुणाचा. सासुरवाडी ऑस्ट्रेलियन, नाताळचं जेवण तिकडे. “टोमॅटो सॉस खरंच घालतात का? की गाण्यापुरतं? मी तिकडे जाऊन सांगितलं आणि हसले तर?” त्याला म्हटलं, घाल, आणि पॉल केलीचं नाव सांग, कुणी हसणार नाही. तिसरा फोन मात्र काकांच्या मनासारखा निघाला. “हा मराठी कार्यक्रम आहे ना? मग हे काय चाललंय?” काकांनी तो शब्दशः टिपून घेतला, तारीख-वेळेसकट.

पुढच्या बैठकीत तो कागद टेबलावर आला. काकांचं म्हणणं टाकाऊ नव्हतं, हे कबूल. “अगं, माणसं आठवडाभर इंग्रजीच ऐकतात. ऑफिसात इंग्रजी, दुकानात इंग्रजी, नातवंडांशी इंग्रजी. त्यांच्या वाट्याला हा एक तास. त्यातली पाच मिनिटं गोऱ्यांना कशाला द्यायची? ती गाणी ऐकायची तर एबीसी आहे की, सरकारी रेडिओ.”

यात एक तांत्रिक पाचर आहे. ऑस्ट्रेलियात रेडिओला ऑस्ट्रेलियन संगीताचा ठरावीक वाटा वाजवावाच लागतो. कम्युनिटी स्टेशनांना साधारण चौथा हिस्सा, परभाषी स्टेशनांना बराच कमी, पण शून्य नाही. कार्यक्रम झाला की लॉगशीट भरायची, प्रत्येक गाण्यासमोर ऑस्ट्रेलियन असेल तर टिक. काकांनी त्यावरही तोडगा काढून ठेवला होता. इथे राहणाऱ्या आपल्याच मंडळींनी ट्रॅकवर म्हटलेली जुनी भावगीतं लावायची. गायक ऑस्ट्रेलियाचे नागरिक, टिक मारायला मोकळे. साप मेला, काठीही शाबूत. बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. नियम पाळल्याचं दाखवायचं आणि ज्या देशात राहतो त्या देशाचं एकही गाणं कानावर पडू द्यायचं नाही, याला मी हुशारी म्हणत नाही.

“गोऱ्यांची गाणी” हे तर मला अजिबात पटत नाही. ‘फ्रायडे ऑन माय माइंड’ घ्या, द ईझीबीट्स या बँडचं, १९६६ चं. सोमवारपासून एकेक दिवस मोजत शुक्रवारच्या संध्याकाळसाठी जीव टाकणाऱ्या नोकरदाराचं गाणं. चर्चगेटहून सहा-पाचची फास्ट पकडलेल्या कुणालाही ते सांगावं लागत नाही. हॅरी वांडा आणि डिक डायमंड हॉलंडचे, जॉर्ज यंग ग्लासगोचा, स्टीव्ही राइट आणि स्नोवी फ्लीट इंग्लंडचे. पाचातला एकही इथे जन्मलेला नाही. बँड जमला तो सिडनीच्या व्हिलावूड मायग्रंट हॉस्टेलमुळे. बोचकी घेऊन आलेल्या कुटुंबांना सरकार तिथे ठेवायचं. त्याच व्हिलावूडला आज व्हिसा नसलेल्यांना डांबून ठेवायचं केंद्र आहे. आणि २००१ मध्ये इथल्या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेने, आप्राने, ७५ वर्षांतली सर्वोत्तम ऑस्ट्रेलियन गाणी निवडली तेव्हा पहिला नंबर या परक्यांच्या गाण्याला मिळाला. हे मी बैठकीत सांगितलं. काका म्हणाले, “ते युरोपातले, त्यांचं वेगळं.” मग मी ‘ब्रॅडमन’ची आठवण करून दिली. तेही पॉल केलीचंच, सात मिनिटांहून लांब. मागच्या उन्हाळ्यात कसोटीच्या आठवड्यात मी ते लावलं, तेव्हा काका पूर्ण वेळ हेडफोन लावून बसले होते आणि शेवटी माइकवर स्वतःहून सांगितलं की ब्रॅडमनच्या ९९.९४ या सरासरीवरून एबीसीने आपल्या पोस्टबॉक्सचा नंबर ९९९४ घेतलाय. म्हणजे क्रिकेट असलं की सात मिनिटं चालतात, तुरुंग असला की चार चालत नाहीत. यावर उत्तर आलं नाही, चहा आला.

तुमच्या यादीत पुढचं ‘कॅटल अँड केन’ टाका. ब्रिस्बेनचा बँड, द गो-बिटवीन्स, १९८३. ग्रँट मॅकलेननचं लहानपण उत्तर क्वीन्सलंडच्या उसाच्या पट्ट्यातलं, वडील लवकर गेलेले, शिकायला ब्रिस्बेनच्या बोर्डिंगात. गाण्यात उसाच्या शेतांतून घरी परतणारा शाळकरी मुलगा आहे आणि वडिलांचं हरवलेलं घड्याळ आहे. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा पाय ठेका धरायला जाईल आणि चुकेल. मी आमच्या तबलजी मित्राला ऐकवलं. त्याने डोळे मिटून मांडीवर मोजायला सुरुवात केली, दोनदा विस्कटला, तिसऱ्यांदा हसला: “अकरा मात्रा! पाच, दोन, चार.” लिंडी मॉरिसन ड्रमवर तो हिशोब इतक्या सहज वाजवते की गाणं कुठेही अवघड वाटत नाही. मित्राने मग त्याच्यावर बोल बसवून पाहिले, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर. हे गाणं कार्यक्रमात लावलं त्या दिवशी एकाही तक्रारीचा फोन नव्हता. कोल्हापूरकडच्या एका श्रोत्याने तिकडे गाळप कधी सुरू होतं ते विचारलं. बहुतेक जूनमध्ये, थंडी लागली की.

आता ज्यावरून खरं भांडण झालं ते. २६ जानेवारी. आपला प्रजासत्ताक दिन, तोच इथला ऑस्ट्रेलिया डे, कारण १७८८ मध्ये त्या तारखेला ब्रिटिश ताफ्याने सिडनीत आपला झेंडा लावला. इथल्या मूळ रहिवाशांपैकी पुष्कळांसाठी तो सुतकाचा दिवस. आमचा कार्यक्रम त्या आठवड्यात देशभक्तिपर गाण्यांनी गच्च असतो. मी त्यात आर्ची रोच यांचं ‘टुक द चिल्ड्रन अवे’ घातलं, १९९० चं. आदिवासी मुलं सरकारने आईबापांपासून तोडून गोऱ्या घरांत आणि संस्थांत ठेवली, दशकानुदशकं. रोच त्यातलेच. व्हिक्टोरियातल्या फ्रॅमलिंगहॅमहून अगदी लहानपणी नेलेले. शाळेत असताना सख्ख्या बहिणीचं पत्र आलं की आई वारली, तेव्हा कळलं की आपल्याला आई होती, भावंडं आहेत. हे गाणं त्यांनी मेलबर्नला पॉल केलीच्या कार्यक्रमाआधी म्हटलं. संपल्यावर सभागृहात चिडीचूप. लोकांना आवडलं नाही असं समजून ते आत वळले, आणि मग टाळ्या सुरू झाल्या. रोच २०२२ मध्ये गेले. इथे आदिवासी कलाकार वारला की त्याचं नाव, आवाज वापरण्याआधी घरच्यांची इच्छा बघतात. त्यांच्या मुलांनी नाव घ्यायला परवानगी दिली, म्हणून मीही घेतेय.

काका म्हणाले, “प्रजासत्ताक दिनाला रडगाणं नको.” मी म्हटलं, “काका, ज्या राज्याला आपण घालवलं त्याच राज्याने हे केलं. तुम्हाला आणखी कुठला दिवस हवाय?” गाणं लागलं. पुढचे दोन रविवार काका आले नाहीत, मग आले.

आता इतकं लिहिल्यावर हेही सांगते, नाहीतर खाली प्रतिक्रियांमध्ये आमच्याच मंडळातले लोक उगवतील. इथे मराठी गाणाऱ्यांविरुद्ध माझं काहीही नाही, त्यांतले दोघे-तिघे खरंच सुरेल आहेत आणि त्यांची गाणी मी लावते. ट्रॅकवरची नक्कल लावत नाही. माझी यादी मेलबर्नकडे झुकलेली आहे, पर्थ-ॲडलेडवाले नाकं मुरडतील. हिपहॉपमधलं मला काही कळत नाही, ते तुमच्या वर्गातल्यांना विचारा. आणि विमानात ऐकू नका. इंजिनाच्या घरघरीत ‘कॅटल अँड केन’मधली गिटार पार हरवते. इथे उतरल्यावर पॉल केलीचंच ‘लीप्स अँड बाउंड्स’ लावून पंट रोडच्या चढावर जा. गाण्यातलं तापमान दाखवणारं नायलेक्स कंपनीचं घड्याळ अजून सायलोंवर, म्हणजे धान्याच्या उंच कोठ्यांवर आहे, फक्त बंद. मागे एमसीजी.

ता. क. एसी/डीसी हा रॉक बँड का नाही, हा प्रश्न येणारच. त्यातले गिटारवाले माल्कम आणि अँगस हे ईझीबीट्सच्या जॉर्ज यंगचे धाकटे भाऊ, त्यामुळे वर अर्धा हिशोब चुकता झालाय. उरलेल्यासाठी ‘इट्स अ लाँग वे टू द टॉप’चा व्हिडिओ बघा: १९७६ मध्ये उघड्या ट्रकवर उभं राहून स्वॉन्स्टन स्ट्रीटवरून वाजवत नेलेलं, गायक बॉन स्कॉटच्या हातात बॅगपाइप. तुमचं कॉलेज शहरात असेल तर तो रस्ता रोजचाच होईल. तिथे ट्राममध्ये चढण्याची गरज नाही, पण चढलातच तरी त्या पट्ट्यात तिकीट लागत नाही.