सीटी उलटा बसला, आता मालक बुडालेले युनिट माझ्याकडूनच मागतोय

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मामला थोडक्यात असा, की तुम्ही एका कमर्शियल बिल्डिंगमध्ये भाडेकरूच्या गाळ्यासाठी थ्री फेज सबमीटर (गाळ्याचे युनिट वेगळे मोजणारा) बसवला, तीन सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर, फेजच्या तारेवर बसून तिच्यातला करंट मीटरला कळवणारे) टाकले, मालकाच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरपर्यंत आरएस-४८५ ची डेटा केबल ओढली, दहा महिन्यांनी कळलं की बी फेजचा सीटी उलटा बसलाय, आणि आता मालकाने तुमचं उरलेलं पेमेंट अडवलंय, वर म्हणतोय खरे युनिट रीडिंगच्या तिप्पट आहेत, फरक तुम्ही भरा. भाडेकरू अजून तिथेच आहे. आणि तुम्ही मालकाला व्हॉट्सॲपवर 'सॉरी सर, सीटी उलटा होता, बघतो' असं टाकून बसलाय.

तो मेसेज डिलीट करू नका. चूक तुमचीच आहे, ती कोर्टात लपणार नाही आणि तुम्ही डिलीट केला तरी मेसेज मालकाकडे असू शकतो. पण चूक कबूल करणं वेगळं आणि आकडा कबूल करणं वेगळं, तुम्ही आकडा कुठेच कबूल केलेला नाही, इथून पुढेही करू नका.

आता आकड्याचं बघू, कारण भांडण तिथेच आहे. तिप्पट हा हिशोब तिन्ही फेजवर सारखा लोड असेल तरच बसतो. दोन फेज अधिक, एक वजा, म्हणजे तीनातला एकच दिसतो, बरोबर. पण गाळ्यात सारखा लोड असतो कुठे, सगळे एसी एकाच फेजवर टाकलेले मी स्वतः पाहिलेत. तूट म्हणजे उलट्या फेजच्या युनिटची दुप्पट, ना कमी ना जास्त. बी फेजवर नुसते लाइट-पंखे असतील तर मालकाचा आकडा भुईसपाट. आणि काही मीटर उलटी दिशा धरतच नाहीत, सगळं अधिकच मोजतात, तसा असेल तर तूटच नाही, म्हणून आधी मॅन्युअल काढा.

त्यामुळे गुपचूप जाऊन सीटी फिरवून येऊ नका प्लीज. आधी मालकाला लेखी कळवा, मालक, भाडेकरू आणि तुम्ही तिघं मिळून जॉइंट इन्स्पेक्शन करा, फेजवार करंट, किलोवॅटपुढचं वजा चिन्ह, पॉवर फॅक्टर, सीटी रेशोची (सीटी करंट किती पट कमी करून मीटरला देतो त्याची) सेटिंग, सीटीवरच्या बाणाची दिशा, सगळ्याचे फोटो, मग तिघांच्या सह्या आणि मगच दुरुस्ती. मीटरमध्ये फेजवार किंवा एक्सपोर्टचं (उलट्या दिशेने मोजलेल्या युनिटचं) वेगळं रजिस्टर असेल तर तेही उतरवा, खरा आकडा तिथेच सापडू शकतो. (लोड चालू असताना सीटीची सेकंडरी (मीटरकडे जाणारी बाजू) उघडी सोडायची नाही हे मी वकिलाने तुम्हाला सांगायला नको, पण घाईत माणूस विसरतो.)

मालकाचा दुसरा मुद्दा डेटा केबलचा, की तुम्ही ती पॉवर केबलच्या ट्रेमधून नेली म्हणून रीडिंग कमी आलं. हे पटत नाही. नॉइजने रिपोर्टमध्ये भोकं पडतील, पण मॉडबसमध्ये (मीटर आणि कॉम्प्युटर ज्या पद्धतीने बोलतात तीत) बिघडलेली फ्रेम, म्हणजे डेटाचा तुकडा, तपासणीत बाद होते, आणि मीटर डिस्प्लेवरचे युनिट केबल तुटली तरी वाढतच राहतात. केबल नीट करून देणं तुमचं काम, युनिटशी तिचा संबंध नाही.

कायद्याचं म्हणाल तर भारतीय करार कायदा १८७२, कलम ७३. भरपाई मिळते ती करारभंगातून सरळ झालेल्या नुकसानीची, लांबच्या नाही, आणि नुकसान टाळायला काय साधनं हाताशी होती तेही बघितलं जातं. मालकाकडे मेन मीटरचं बिल दर महिन्याला येत होतं, शेजारी सबमीटरचा आकडा ठेवून बघितला असता तर दुसऱ्याच महिन्यात कळलं असतं. आणि मुळात वीज वापरली भाडेकरूने, ती काही हवेत गेली नाही, भाडेकरार बघून मालकाने फरक आधी त्याच्याकडे मागायचा. २०२१ मध्ये प्रेम कॉटेक्सच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टापुढे मीटरचा मल्टिप्लाइंग फॅक्टर (रीडिंगला ज्याने गुणायचं तो आकडा) चुकीचा धरल्याने कमी गेलेल्या बिलाचा प्रश्न होता, आणि वीज कंपनीने फरक मागणं ही सेवेतली त्रुटी नाही असं कोर्ट म्हणालं. तो वाद वीज कंपनी आणि ग्राहकातला, तुम्हाला थेट लागू नाही, पण वापरलेल्या विजेचे पैसे वापरणाऱ्याने द्यायचे हा कल दिसतो. भाडेकरू सोडून गेला असता तर मी एवढ्या ठामपणे बोललो नसतो.

तुमच्या पेमेंटसाठी दावा लावायची मुदत तीन वर्षं, काम संपल्यापासून, पैसे द्यायची तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून. नोटीस पाठवा, त्यात स्वखर्चाने दुरुस्ती करून द्यायची तयारी स्पष्ट लिहा. सॉफ्टवेअरमधून काढलेली फाइल पुराव्यात द्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागेल, त्यात एक भाग तुमचा आणि एक तज्ज्ञाचा, नुसत्या प्रिंटआउटवर अवलंबून राहू नका.

एक गोष्ट मात्र खटकली. एवढं लांब पत्र, पण त्यात तुमच्या इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर लायसन्सबद्दल एक अक्षर नाही. असेल तर नंबर नोटिशीत पहिल्याच ओळीत टाका. नसेल किंवा त्या काळात संपलेलं असेल तर नोटीस अजिबात पाठवू नका, आधी कागद घेऊन एखाद्या वकिलाला प्रत्यक्ष भेटा, कारण मग समोरचा पहिला वार तिथेच करणार.