मिलर आणि रीव्हचं भांडण नीट वाच

अगं पोरी,

तुझा ड्राफ्ट काल रात्री वाचला, मेहनत दिसते, पण पहिली चार पानं तेच ते, मध्ययुगीन इंग्लंडच्या समाजाचे तीन थर, प्रार्थना करणारे, लढणारे आणि राबणारे, हे कुठल्याही गाइडमध्ये मिळतं. खुद्द कवी चॉसर तरी यात कुठे बसतो सांग? बाप लंडनचा वाइनचा व्यापारी आणि हा १३७४ पासून तिथल्या बंदरावर लोकरीच्या जकातीचा हिशोब बघणारा, चक्क सरकारी नोकर.

ते तीन थर राहू देत, त्याच्या 'कँटरबरी टेल्स'मधले, म्हणजे घोड्यांवरून यात्रेला निघालेली मंडळी वाटेत गोष्टी सांगतात त्या काव्यातले, मिलर आणि रीव्ह एवढे दोघंच घे. मिलर म्हणजे चक्कीवाला, नाकावर चामखीळ, तिच्यावर लाल केसांचा झुबका, धान्य चोरतो आणि दळणावळ तिप्पट घेतो. (दळणावळ धान्यातच म्हणून तू त्याला बलुतेदार केलंयस, ते काढ. तिथली चक्की बहुतेकदा जमीनदाराची असायची आणि कुळांना तिथेच दळायची सक्ती.) रीव्ह म्हणजे जमीनदाराचा कारभारी, हडकुळा, एकाही ऑडिटरच्या हाती न लागणारा, मालकाचाच माल मालकाला उसना देऊन वर थँक्यू घेणारा. आता याच्या कोठारातलं धान्य त्याच्यासारख्याच्या चक्कीवर जाणार आणि दोघंही मापात पाप करणारे, मग जमणार कसं? म्हणून बघ, मिलर बॅगपाइप वाजवत सगळ्यांना गावाबाहेर काढतो आणि रीव्हचा घोडा कायम शेवटी.

नाइटची, म्हणजे सरदाराची, गोष्ट संपल्यावर होस्ट (गोष्टींचा क्रम ठरवणारा खानावळवाला) मानाप्रमाणे मंकला, म्हणजे मठवासी साधूला, बोलवतो, तेवढ्यात मिलर दारू पिऊन मध्येच घुसतो आणि एका सुताराची फजिती सांगतो, आणि रीव्ह तरुणपणी सुतारकाम शिकलेला! तो भडकतो आणि ट्रम्पिंग्टनच्या चोर चक्कीवाल्याला केंब्रिजचे दोन विद्यार्थी कसा धडा शिकवतात ते सांगून उट्टं काढतो. मानाचा क्रम तिथेच मोडला, तुझा पेपर इथून सुरू कर.

प्लेग, १३५१ चा मजुरी रोखणारा कायदा, हे दोन ओळीत उरक. पण १३८१ च्या शेतकऱ्यांच्या बंडावर थांब, कारण बंडवाले लंडनमध्ये शिरले त्यातली एक वेस ऑल्डगेट आणि तिच्याच वरच्या खोल्या चॉसरकडे, त्याही बिनभाड्याच्या. पुढे पाच-सहा वर्षांत हा माणूस प्रोलॉगमध्ये, म्हणजे सगळ्या यात्रेकरूंची ओळख करून देणाऱ्या सुरुवातीच्या भागात, एक नांगऱ्या आणतो, इतका गुणी की गरिबांचं काम फुकट करतो, चर्चचा दशांश चोख भरतो, आणि त्याला गोष्ट मात्र एकही सांगायला देत नाही. यावर तुझ्या ड्राफ्टमध्ये एक ओळ नाहीये.

गुरुवारी ये, लॅपटॉप नको, नुसता प्रोलॉग घेऊन ये.

– सर